पिशवीबरोबर आणखी काय काढलं?

आषाढात खोपोलीत मागच्या दारी शेवाळावरून पाय घसरणं ही काही बातमी नव्हे. शीळफाट्याकडच्या बावन्न वर्षांच्या एक बाई अशाच घसरल्या, हात टेकला आणि मनगट मोडलं. शेजारणींनी पावसाला बोल लावले.

पण नुसतं उभ्याउभ्या पडून हाड मोडलं, तर चौकशी पावसाची नव्हे, हाडाची करायची असते. डॉक्टरांनी ती केली.

"पाळी कधी गेली?"

"एकेचाळिसाव्या वर्षी पिशवीच काढली."

"अंडाशय ठेवले की तेही काढले?"

बाईंना ठाऊक नव्हतं. कपाटातल्या जुन्या फायलीत डिस्चार्ज कार्ड सापडलं. दोन्ही अंडाशय काढल्याची ओळ त्यावर होती. घरात कोणी ती वाचलीच नव्हती.

हाड आयुष्यभर मोडत आणि बांधलं जात असतं. हाड खाणाऱ्या पेशी दोन-तीन आठवड्यांत खड्डा पाडतात, तो भरायला बांधणाऱ्या पेशींना तीन-चार महिने लागतात. अंडाशयातलं इस्ट्रोजेन खाणाऱ्यांना आवरून धरतं: त्यांना चेतवणारं 'रँकल' हे प्रथिन दाबतं, त्यांचं आयुष्यही घटवतं. ते आटलं की खड्डे वाढतात आणि भराव मागे पडतो. मणक्यातलं आणि मनगटाजवळचं हाड आतून जाळीदार, म्हणून झीज तिथे लवकर दिसते. पाळी आपसूक जाताना इस्ट्रोजेन काही वर्षांत ओसरतं; अंडाशय काढले की एकदम.

आणि ही एकट्या खोपोलीची गोष्ट नाही. 2019 मध्ये बीडमधल्या सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. नीलम गोऱ्हे यांच्या समितीने हा प्रश्न तपासला होता. पिशवी गेली तरी अंडाशय शाबूत असतील तर इस्ट्रोजेन चालू राहतं, म्हणून आधी कार्ड शोधावं. पाळी पंचेचाळिशीआधी गेली असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगावं आणि हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीबद्दल विचारावं. साध्या एक्स-रेत बरीच झीज झाल्याशिवाय काही कळत नाही. डेक्सात टी-स्कोर उणे 2.5 किंवा त्याखाली आला, तर तो ऑस्टिओपोरोसिस.

नाचणीची भाकरी खावीच, 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पण गेलेल्या इस्ट्रोजेनचं काम नाचणी करत नाही.

बाईंना आठवड्याची एक गोळी सुरू झाली आहे: सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही. चहासुद्धा त्यानंतरच. त्यांची खरी तक्रार चहाबद्दल आहे.