चैत्रातील परसदार आणि पऱ्हाटीचा प्रश्न

होळी होऊन गेली, गहू-हरभरा घरात आला आणि पाडव्याची गुढी उतरली, म्हणजे कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी थोडी उसंत मिळते. उमरखेड तालुक्यातील ढाणकी व पैनगंगेच्या काठची गावे मुख्यतः कापूस, तूर व सोयाबीन पिकविणारी आहेत. या गावांतून चैत्र-वैशाखात शेतातील काम कमी होते व घराभोवतीचे काम वाढते. कुंपणाची डागडुजी, सरपणाची रास, टोपल्या व कणग्या विणणे, मोरीच्या पाण्यावर चार भाज्या लावणे, ही कामे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या याच दिवसांत होत आली आहेत. ती कामे कोणत्या रीतीने केली असता घराला उपयोगी पडतील आणि पुढच्या हंगामाला बाधक होणार नाहीत, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

हा विचार करण्याचे कारण असे की, परसदारातील सर्वांत मोठी वस्तू म्हणजे पऱ्हाटीची रास, आणि कपाशीचा सर्वांत मोठा शत्रू त्याच राशीत उन्हाळा काढतो.

राशीत काय दडलेले असते

गुलाबी बोंडअळी ही झाडाच्या काडीत राहत नाही. ती बोंडात शिरते, सरकी खाते आणि हंगामाच्या अखेरीस न उमललेल्या बोंडात, वाळलेल्या किडक्या नखीत किंवा दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत सुप्तावस्थेत जाते. या अवस्थेत तिला अन्न लागत नाही. वैशाख-ज्येष्ठात उष्णतेला ओलाव्याची जोड मिळाली, म्हणजे ती कोषावस्थेतून पतंग होऊन बाहेर पडते. पतंगाचे आयुष्य साधारण एक-दोन आठवड्यांचे असते. त्या मुदतीत त्याला कपाशीची पाती-फुले मिळाली नाहीत, तर त्याची पुढची पिढी वाढू शकत नाही. मिळाली, तर पुढच्या हंगामाची कीड तेथूनच सुरू होते.

सन २०१७ च्या खरिपात महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांना या किडीने केवढा फटका दिला, हे सर्वांस स्मरत असेल. सन २००६ पासून वापरात असलेल्या दोन जनुकांच्या बीटी वाणांनाही ही अळी तोपर्यंत दाद देईनाशी झाली होती. बियाण्यातील संरक्षण अपुरे पडले, म्हणजे शेतकऱ्याच्या हाती जे उपाय उरतात, त्यांत किडीची साखळी उन्हाळ्यातच तोडणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. त्यासाठी औषधाचा एक थेंबही लागत नाही. लागते ते केवळ परसदारातील शिस्त.

पऱ्हाटी घरी आणण्यापूर्वी

पऱ्हाटी घरी आणूच नये, असे सांगणे सोपे आहे. परंतु ते व्यवहारास धरून नाही. घरात गॅसची शेगडी आली तरी आंघोळीचे पाणी तापविण्यास व कार्यप्रसंगीच्या मोठ्या स्वयंपाकास अनेक घरी आजही पऱ्हाटीच जळते. सिलिंडरचा खर्च वाचतो, ही गोष्टही दृष्टिआड करता येत नाही. म्हणून पुढील क्रम पाळावा.

१. शेवटच्या वेचणीनंतर फरदड न ठेवता पऱ्हाटी उपटावी. ज्यांची अद्याप उभी आहे, त्यांनी चैत्र संपण्यापूर्वी हे काम उरकावे.

२. शेतातच पऱ्हाटी ताडपत्रीवर झोडून घ्यावी. हिरवी बोंडे, किडक्या नख्या व चिकटलेला कवडी कापूस गळून पडेल तो गोळा करून जाळावा. घरी न्यावयाची ती फक्त स्वच्छ काडी.

३. रास शेताच्या धुऱ्यावर किंवा विहिरीजवळ रचू नये. ती घराजवळ, कोरड्या जागी रचावी. जवळ एखादा कामगंध सापळा टांगल्यास पतंग निघू लागले की नाही, हे कळते.

४. सरपण वापरताना जुनी पऱ्हाटी आधी संपवावी आणि मृग नक्षत्रापूर्वी ढीग संपेल, एवढीच पऱ्हाटी ठेवावी. उरलेली पावसात भिजू देऊ नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे की, हा उपाय एकट्या घराने केल्यास अपुरा पडतो. पतंग बांध ओळखत नाही. एका आळीतील दहा घरांनी राशी स्वच्छ केल्या व अकराव्याने केली नाही, तर दहांच्या श्रमाला उणेपणा येतो. म्हणून हे काम एकेकट्या घरात न सांगता वस्तीवार सांगावे व एकाच आठवड्यात करवून घ्यावे.

कुंपणाला तुराटी, पऱ्हाटी नव्हे

परसदाराचे कुंपण अनेकजण पऱ्हाटीचेच करतात. कुंपण वर्षभर उभे राहते, म्हणून त्यात अडकलेली नखीही हंगामापर्यंत तशीच राहते. त्यापेक्षा तुराटीचा ताटवा करावा. तुराटी सरळ असते व दाट बांधता येते. दर चार फुटांवर एक मेढ रोवून, खाली, मध्ये व वर अशा तीन आडव्या कामट्या बांधाव्या व तुराट्या उभ्या लावून अंबाडीच्या दोरीने आवळाव्या. बुडख्याचा भाग जमिनीत न पुरता दोन बोटे वर ठेवला, म्हणजे वाळवी लवकर लागत नाही.

अंबाडीचे एक-दोन तास कपाशीत किंवा तुरीत पेरण्याची चाल आता कमी होत आहे. ती राखावी. अंबाडीच्या कोवळ्या पानांची भाजी होते, बोंडांची चटणी व शरबत होते आणि खोडे पाण्यात कुजवून निघालेल्या वाखाचे दोर वळता येतात. दोर वळण्याचे काम सावलीत बसून होते. घरातील वृद्धांचा हात त्यात तयार असतो आणि मुलांना शिकविण्यास सुट्टीचे दिवस सोयीचे असतात.

तुराटीची कणगी

कणगी विणण्याचे तत्त्व साधे आहे. उभ्या काड्यांची संख्या विषम ठेवावी. संख्या सम असल्यास एका आडव्या काडीने विणताना प्रत्येक फेरीत तीच काडी आत व तीच बाहेर येते आणि वीण बसत नाही. विषम असल्यास फेरीगणिक आत-बाहेर आपोआप बदलते. वाळलेल्या तुराट्या मोडतात, म्हणून आडव्या विणावयाच्या बारीक तुराट्या रात्रभर पाण्यात भिजत घालाव्या.

विणून झालेल्या कणगीला आतून व बाहेरून शेण, माती व बारीक भुसा यांचा लेप द्यावा. पहिला लेप पूर्ण वाळल्यावर पडलेल्या भेगा दुसऱ्या लेपाने बुजवाव्या, कारण भेगेतच सोंडे व भुंगे आसरा घेतात. कणगी जमिनीवर न ठेवता दगडांवर फळी घालून तीवर ठेवावी व भिंतीपासून हातभर दूर असावी. धान्य कडक उन्हात वाळवून, दाताखाली धरले असता कट्‌ असा आवाज होऊन फुटेल तेव्हाच भरावे, आणि ऊन उतरून ते थंड झाल्यावर भरावे. गरम धान्य झाकले असता आत ओल धरते.

उरलेल्या पऱ्हाटीचे खत

एकरी सुमारे एक टन पऱ्हाटी निघते. सरपणास लागेल ती वजा जाता उरलेली शेतातच पेटवून देणे म्हणजे जमिनीचा घास काढून घेणे होय. याच जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी थोड्या शेणात पुष्कळ खत करण्याची जी रीत बसविली, ती त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ म्हणून देशभर ओळखली जाते.

नाडेपसाठी विटांचे, चारही भिंतींत हवेसाठी भोके ठेवलेले, आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असे टाके बांधतात. एका टाक्यास सुमारे १४०० ते १५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण, सुमारे १७५० किलो चाळलेली कोरडी माती व १५०० ते २००० लिटर पाणी लागते. अर्धा फूट काडीकचऱ्याचा थर, त्यावर ४ किलो शेण कालवलेले पाणी व त्यावर ५० ते ६० किलो माती, याप्रमाणे थर रचीत टाके दीड फूट वर येईपर्यंत भरावे व शेणमातीने लिंपावे. थर एक-दोन दिवसांत पूर्ण झाले पाहिजेत. पंधरा-वीस दिवसांनी ढीग खचल्यावर पुन्हा भरून लिंपावे. तीन ते चार महिन्यांत खत तयार होते.

पऱ्हाटीची काडी कठीण असल्यामुळे ती यंत्रावर बारीक करून घेणे अवश्य आहे. आपल्या भागात चैत्र-वैशाखात दीड-दोन हजार लिटर पाणी प्रत्येकास मिळेल असे नाही. ज्यांस ते मिळणार नाही, त्यांनी नख्या आता जाळाव्या, काडीची कुट्टी करून झाकून ठेवावी आणि टाके मृगाच्या पावसावर भरावे.

मोरीच्या पाण्यावर भाजी

आंघोळीचे व भांडी धुतलेले पाणी रस्त्यावर सोडण्याऐवजी एका चरीतून भाजीच्या वाफ्यांकडे न्यावे. चरीच्या तोंडाशी केळ व अळू, पुढे भेंडी, गवार, चवळी आणि कडेला दोडका व कारले यांचे वेल लावावे. वेल तुराटीच्या मांडवावर चढवावे. चरीच्या शेवटी ३ फूट लांब, रुंद व खोल खड्डा करून त्यात दगड भरले, म्हणजे जास्तीचे पाणी मुरते व डासांची पैदास होत नाही.

पपई व शेवग्यासाठी मडक्याचा उपयोग करावा. न रंगविलेल्या मडक्याच्या बुडास बारीक भोक पाडून त्यात कापसाची वात बसवावी व मडके रोपाजवळ गळ्यापर्यंत पुरावे. तोंड झाकून ठेवल्यास एकदा भरलेले पाणी दोन-तीन दिवस मुळाशी पाझरते. शेवग्याचे मनगटाएवढे जाड व तीन-चार फूट लांब फाटे लावल्यास त्यांनाही मुळे फुटतात.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

कीटकनाशकाचे रिकामे डबे पाणी भरण्यास, रोपे लावण्यास किंवा मुलांच्या खेळास मुळीच वापरू नयेत. सन २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. डबा कितीही स्वच्छ दिसला तरी त्यात विषाचा अंश राहतो. तो तीन वेळा खळबळून धुवावा, ते पाणी फवाऱ्यातच ओतावे व डबा भोके पाडून निकामी करावा.

दुसरी गोष्ट अशी की, मेढी व कामट्यांसाठी पैनगंगा अभयारण्यातील झाड तोडू नये. बांधावरील बाभूळ, सुबाभूळ यांच्या छाटणीचा माल या कामास पुरतो.

ज्येष्ठ-आषाढात कडुनिंबाखाली पिकलेल्या निंबोळ्या पडू लागतील. त्या वेचून, गर काढून, सावलीत वाळवून गोणपाटात भराव्या. ५ किलो निंबोळ्यांची भरड १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळावी, १ लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबण विरघळवून त्यात मिसळावा व एकूण पाणी १०० लिटर करावे, म्हणजे पाच टक्के अर्क होतो. कपाशीवरील पहिल्या फवारणीचे हे औषध आपल्याच परसदारात तयार होते.

थोडक्यात कामाचा क्रम असा : चैत्रात पऱ्हाटी उपटणे, झोडणे व नख्या जाळणे, वैशाखात तुराटीचे कुंपण, कणगी व भाजीचे वाफे, ज्येष्ठात उरलेले सरपण संपविणे, टाके भरणे व निंबोळ्या वेचणे. कपाशीची पेरणी मात्र मृगाचा पुरेसा पाऊस झाल्यावरच करावी, म्हणजे आधी निघालेल्या पतंगांना पाती सापडणार नाहीत.