शोकाचे निवेदन : 'श्यामची आई' आणि 'पथेर पांचाली'

साने गुरुजींच्या 'श्यामची आई' या पुस्तकाकडे बहुधा दोन दृष्टींनी पाहिले जाते. एक पक्ष त्यास संस्कारग्रंथ मानून त्याची पारायणे करतो. दुसरा त्यातील अश्रूंच्या अतिरेकाकडे बोट दाखवून ते बालवाचकांच्या स्वाधीन करतो. आईच्या अखेरच्या क्षणी जवळ नसलेल्या मुलाने पुढे तो शोक कसा पेलला, याची ही कथा आहे, हे दोन्ही पक्षांच्या नजरेतून निसटते.

गुरुजींच्या मातोश्री १९१७ साली निवर्तल्या. पुस्तकाचा बराचसा भाग १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिला गेला आणि ते १९३५ साली प्रसिद्ध झाले. मृत्यू आणि लेखन यांत सुमारे सोळा वर्षांचे अंतर आहे. कृतीची घडण या अंतराशी सुसंगत आहे. आश्रमात प्रार्थनेनंतर प्रौढ श्याम मित्रांना रोज एक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री. आई आता नाही, हे गृहीत धरूनच निवेदन चालते. त्यामुळे मृत्यू हा येथे कथानकाचा धक्का नसून, निवेदक ज्याच्यापाशी जाण्याचे रात्रींमागून रात्री लांबवीत राहतो असे ठिकाण आहे.

या लांबणीत श्याम काय सांगतो, हे पाहण्यासारखे आहे. स्नानानंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणारा मुलगा आणि त्यासाठी आपले लुगडे दगडावर पसरणारी आई. पोहण्याच्या भीतीने लपून बसणे आणि त्यापायी खाल्लेला मार. मोठे होण्याच्या हव्यासाने केलेली चोरी. हे प्रसंग आईची शिकवण म्हणून वाचण्याचा प्रघात आहे. शोकाच्या दृष्टीने पाहता ते मुलाचे कबुलीजबाब ठरतात. क्षमा करणारी व्यक्तीच उरली नसल्याने श्रोत्यांच्या मंडळास तिच्या जागी बसावे लागते.

विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या 'पथेर पांचाली' (१९२९) या बंगाली कादंबरीशी तुलना केल्यास हे वैशिष्ट्य अधिक उठून दिसते. दुर्गेवर शेजारच्या घरातील सोन्याची डबी चोरल्याचा आळ येतो. तिच्या मृत्यूनंतर, गाव सोडण्याच्या वेळी, ती डबी अपूच्या हाती लागते. तो कोणास काही न सांगता ती बांबूच्या बनात फेकून देतो. बहिणीचे गुपित राखणे हीच त्याची श्रद्धांजली होय. अपू दुसऱ्याचा अपराध मौनात पुरतो. श्याम स्वतःचे अपराध चारचौघांत उघडे करतो. पहिल्याचा शोक एकांतात मुरतो, तर दुसऱ्याचा सामुदायिक होऊन हलका होतो. दोघांनाही त्याच्यासह वाढावे लागते, आणि म्हणूनच या दोन्ही कृती किशोरवयाच्या आहेत.

'श्यामची आई'मध्ये दोष नाहीत असे नाही. निवेदक जेथे उपदेशाकडे वळतो तेथे शोकाची धार बोथट होते. जेथे तो केवळ घडलेले सांगतो तेथे वाचकास वेगळ्या उपदेशाची गरज भासत नाही. अखेरच्या रात्रीचे शीर्षक 'आईचे स्मृतिश्राद्ध' असे आहे. धर्मशास्त्राने नेमून दिलेले श्राद्ध ठरावीक तिथीस उरकते. स्मृतीच्या श्राद्धास तिथी नसते. ते सांगण्यातून घडते आणि ऐकणाऱ्यावाचून पुरे होत नाही. आईला पोहोचू न शकलेला मुलगा बेचाळीस रात्री चालून तिच्यापर्यंत पोहोचतो. त्याचे दुःख शेवटी संपत नाही, पण ते इतरांच्या हाती देण्याजोगे होते. शोकातून सावरणे म्हणजे काय, याचे या कृतीने दिलेले उत्तर एवढेच आहे.