नवीन जालन्याहून डोंगरवाटेवर : पदभ्रमणाचे नियोजन

कुंडलिका नदीच्या एका तीरावर जुने जालना आणि दुसऱ्या तीरावर नवीन जालना अशी या शहराची रचना आहे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला आणि हे शहर जिल्ह्याचे मुख्य ठाणे झाले. व्यापारपेठेच्या या शहराभोवती सपाट, काळी जमीन पसरलेली असल्याने डोंगर येथील रहिवाशांच्या नित्य परिचयाचा नाही. तथापि जिल्ह्याच्या उत्तरेस अजिंठ्याची डोंगररांग उभी आहे. गोदावरी व तापी या दोन नद्यांच्या खोऱ्यांना विभागणारी ही रांग एका दिवसात पाहून परत येता येईल इतकी जवळ आहे. शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी, तरुण मंडळे आणि कुटुंबेही अलीकडे पदभ्रमणासाठी बाहेर पडू लागली आहेत. या उत्साहाला नियोजनाची जोड मिळाली तरच सहल आनंदाची होते. ती न मिळाल्यास जिवावर बेतण्याचा संभव असतो.

उलटा डोंगर

अजिंठा रांगेचे एक वैशिष्ट्य जालन्याच्या पदयात्रीने प्रथम समजून घेतले पाहिजे. मराठवाड्याच्या बाजूने जाताना जमीन हळूहळू चढत जाते आणि प्रवासी नकळत पठाराच्या माथ्यावर पोहोचतो. पुढे एकाएकी कडा तुटतो व खाली खानदेशाचा सखल मुलूख दिसतो. म्हणजेच येथे वाहन माथ्यावर थांबते, पायवाट आधी खाली उतरते आणि चढ परतीच्या वेळी लागतो. कन्नड तालुक्यातील पितळखोऱ्याची प्राचीन बौद्ध लेणी पाहण्यासाठी असेच पठारावरून दरीत उतरावे लागते. अजिंठ्याच्या लेण्यांसमोरील दृश्यबिंदूवरून लेण्यांकडे येणारी वाटही उताराची आहे.

सह्याद्रीतील शिखरांची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे राज्यातील सर्वोच्च शिखर चढताना दम लागला तर मागे फिरणे सोपे असते, कारण परतीची वाट उताराची असते. अजिंठा रांगेत मात्र सकाळी उतरताना वाटलेली सुलभता फसवी असते. पाण्याची बाटली रिकामी झालेली, ऊन चढलेले आणि पाय थकलेले, अशा वेळी खरा चढ समोर येतो. म्हणून निम्मे पाणी व निम्म्याहून अधिक वेळ परतीसाठी राखून ठेवणे, हा या रांगेतील पदभ्रमणाचा पहिला नियम होय.

वेळेचा हिशेब

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला एक सोपा आडाखा आजही जगभर वापरला जातो. दर ५ किलोमीटर चालीस एक तास आणि दर ६०० मीटर चढाईस आणखी एक तास, असा तो आडाखा आहे. तो सराव असलेल्या व्यक्तीसाठी असल्याने नवख्या गटाने येणाऱ्या वेळेत निम्मी भर घालावी.

उदाहरणार्थ, जाऊन-येऊन १२ किलोमीटरची वाट आणि एकूण ४०० मीटरची चढाई धरू. चालीस सुमारे २ तास २५ मिनिटे व चढाईस ४० मिनिटे, असे सुमारे ३ तास होतात. निम्मी भर घातल्यास साडेचार तास आणि भोजन, विश्रांती व स्थळदर्शन यांचे २ तास धरल्यास साडेसहा तास लागतात. गट सकाळी ९ वाजता चालू लागला तर तो दुपारी साडेतीनला परततो. तोच गट ११ वाजता निघाला तर साडेपाच वाजतात. आणि डिसेंबरात या भागात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. दोन तासांच्या विलंबाने संपूर्ण सहल अंधाराच्या उंबरठ्यावर येते. म्हणून निघण्याच्या वेळेइतकीच मागे फिरण्याची वेळही आधी ठरवावी आणि ठिकाण हाती आले नसले तरी ती पाळावी.

कोठे जावे

आरंभ सोप्या वाटेने करणे इष्ट ठरते. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, हे सहलीचा दिवस ठरवताना लक्षात ठेवावे. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ही लेणी पडली, ती समोरच्या डोंगरावरूनच. १९८३ पासून ती जागतिक वारसा यादीत आहेत.

दुसरा टप्पा म्हणून गौताळा औट्रमघाट अभयारण्याचा विचार करता येईल. नवीन जालन्याहून छत्रपती संभाजीनगरमार्गे कन्नड सुमारे सव्वाशे किलोमीटर अंतरावर आहे. १९८६ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य छत्रपती संभाजीनगर व जळगाव या दोन जिल्ह्यांत पसरलेले आहे. येथील वन पानगळीचे असून त्यात बिबट्या व अस्वल यांचा वावर आहे. वन विभागाची परवानगी घेणे, ठरलेली वाट न सोडणे व सूर्यास्तापूर्वी बाहेर पडणे येथे बंधनकारक समजावे. याच परिसरातील अंतूर किल्ल्याच्या वाटेवर निजामशाही काळातील एक दगडी खांब असून त्यावरील फारसी लेख कोणत्या दिशेस कोणते गाव आहे ते सांगतो. वाटसरू चुकू नये याची काळजी चार शतकांपूर्वीही घेतली जात होती, याचे हे बोलके उदाहरण आहे.

सराव झाल्यावर कळसूबाईचा विचार करावा. समृद्धी महामार्गामुळे जालन्याहून इगतपुरीपर्यंतचा प्रवास आता सुकर झाला आहे. मुक्काम मात्र पायथ्याच्या बारी गावी करून पहाटे चढाई सुरू करणे अधिक श्रेयस्कर.

पाऊस, वीज आणि मधमाश्या

पावसाळ्यात ही डोंगररांग हिरवीगार होते आणि कड्यांवरून धबधबे कोसळू लागतात. त्याच दिवसांत धोकाही सर्वाधिक असतो. धबधब्याचे पाणी त्याच्या मागील पठारावर पडलेल्या पावसाचे असते. त्यामुळे डोक्यावर आकाश निरभ्र असतानाही ओढ्याला अचानक लोंढा येऊ शकतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. पाणी गढूळ होणे, काडीकचरा वाहून येणे किंवा आवाज वाढणे ही लोंढ्याची पूर्वसूचना असते. ती मिळताच सामान सोडून उंच जागी जावे. गुडघ्यापर्यंतचा वेगवान प्रवाहही माणसाला पाडू शकतो, म्हणून तो ओलांडू नये.

विजेच्या लखलखाटानंतर ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज सुमारे १० किलोमीटरच्या आत आहे असे समजावे व माथा, बुरूज आणि एकटे झाड तत्काळ सोडावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे भ्रमणध्वनीवरील उपयोजन विजेची पूर्वसूचना देते. कड्यांवर आग्या मधमाश्यांची पोळी असतात. तेथे धूर, उग्र अत्तर व आरडाओरड टाळावी. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये व आवळून बांधू नये. अवयव स्थिर ठेवून रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

निघण्यापूर्वी

प्रत्येकी किमान तीन लिटर पाणी, पकड असलेले बूट, विजेरी, शिट्टी, जलसंजीवनी व प्रथमोपचाराचे साहित्य पाठपिशवीत असावे. गटात सर्वांत पुढे व सर्वांत मागे अनुभवी व्यक्ती चालावी आणि गटाचा वेग सर्वांत संथ चालणाऱ्याच्या गतीनुसार ठरवावा. स्थानिक गावातील वाटाड्या घेतल्यास वाट चुकत नाही आणि गावालाही चार पैसे मिळतात. व्यावसायिक आयोजकाबरोबर जावयाचे असल्यास, राज्य शासनाच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार त्याची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे काय, हे पालकांनी विचारून घ्यावे.

दऱ्याखोऱ्यांत भ्रमणध्वनी लागेलच असे नाही. म्हणून सर्वांची नावे, वाट, वाहनाचा क्रमांक व परतीची वेळ एका कागदावर लिहून तो घरी ठेवावा. अमुक वाजेपर्यंत निरोप न आल्यास ११२ या क्रमांकावर कळवावे, अशी स्पष्ट सूचनाही त्यावर असावी. वैद्यकीय मदतीसाठी १०८ हा क्रमांक आहे. शोधपथकाला एक वाट धुंडाळायची की दहा, हे बहुधा या कागदावरच अवलंबून असते.

कडे, लेणी व वने ही सर्वांची ठेव आहे. नेलेला कचरा परत आणावा, भिंतींवर नावे कोरू नयेत आणि रानात विस्तव करू नये. ठरलेल्या वेळी मागे फिरणाऱ्यास डोंगर पुन्हा पाहता येतो, एवढे भान प्रत्येक पदयात्रीने बाळगणे अगत्याचे आहे.