प्रवाळांच्या बागेत पहिली बुडी

पृथ्वीचा सुमारे 71 टक्के पृष्ठभाग पाण्याने व्यापलेला आहे. पण त्या पाण्याखाली डोळे उघडून पाहिलेली माणसे फार थोडी. आपल्या देशात हे दृश्य पाहण्याचे एक उत्तम ठिकाण म्हणजे लक्षद्वीप. केरळच्या किनाऱ्यापासून 220 ते 440 किलोमीटर अंतरावरील या बेटांवर कोचीहून जहाजाने जाता येते. तेथील समुद्रतळ पाहण्याचे दोन मार्ग आहेत. पाण्यावर पालथे तरंगत नळीने श्वास घेणे हे स्नॉर्केलिंग आणि पाठीवर हवेची टाकी बांधून खाली उतरणे हे स्कूबा. या दोहोंमागील शास्त्र आणि ज्यासाठी खाली उतरायचे त्या प्रवाळांचे जीवन, यांचा परिचय करून देण्याचा हा अल्प प्रयत्न.

बेट कशाचे बनले?

प्रवाळ ही वनस्पती नव्हे, तो प्राणी आहे. अंगठीतले पोवळे दुरून याच कुळातले. पण भिंती बांधणारे प्रवाळ निराळे. ते समुद्राच्या पाण्यातून चुना घेऊन स्वतःभोवती घर बांधतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते व त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. प्रवाळ त्याला आसरा देतो. अशा पिढ्यांमागून पिढ्यांच्या सांगाड्यांतून प्रवाळभित्ती उभी राहते. घट्ट गोलसर प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतो.

बुडत्या ज्वालामुखीभोवती अशी भित्ती वाढत राहून शेवटी कंकणासारखे बेट उरते, अशी उपपत्ती चार्ल्स डार्विनने 1842 साली मांडली. लक्षद्वीपची बेटे याच जातीची. भित्तीच्या आत उथळ, शांत पाणी असते; त्याला खारकच्छ म्हणतात. मोठ्या जहाजाला तेथे शिरता येत नाही. ते बाहेर खोल पाण्यात थांबते आणि प्रवासी लहान होड्यांतून आत जातात.

पाण्यावरून पाहणे

स्नॉर्केलिंगला काचेचा मुखवटा, तोंडात धरायची आखूड नळी आणि पायांत रबरी पंख एवढे पुरते. मुखवट्यात हवा असल्यामुळे डोळ्याला स्पष्ट दिसते. मात्र प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे मासा सुमारे एकतृतीयांशाने मोठा भासतो.

मग नळीच लांब करून खोल का जाऊ नये? कारण पाण्याचा दाब. छातीवर पाण्याचा भार आणि फुप्फुसात मात्र वरची हलकी हवा, अशा स्थितीत एक मीटर खोलीवरही छाती फुलवणे अत्यंत कठीण होते. शिवाय लांब नळीत सोडलेलीच हवा पुन्हा आत येते.

पाठीवर हवा घेऊन

ही अडचण 1943 साली फ्रान्समध्ये झाक कूस्तो व एमिल गान्यां यांनी सोडवली. त्यांची झडप टाकीतली हवा भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाने तोंडात देते. सोय मोठी, पण तिच्याबरोबर एक नियम आला. दर 10 मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. 10 मीटर खोलीवर 6 लिटर हवा छातीत भरून, श्वास रोखून कोणी वर आला, तर बॉइलच्या नियमाप्रमाणे ती हवा 12 लिटर होऊ पाहील आणि फुप्फुस फाटेल. म्हणून नवख्याला पहिला धडा मिळतो तो हा: श्वास कधीही रोखू नका, आणि वर येताना सावकाश या.

दुसरा धडा कानाचा. उतरताना नाक चिमटीत धरून हलकेच फुंकावे, म्हणजे पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब समान होतो. सर्दी झालेल्याने पाण्यात उतरू नये. दमा किंवा हृदयविकार असणाऱ्याने आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तिसरा धडा खुणांचा. पाण्यात अंगठा वर करणे म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘वर चला’. सर्व ठीक असल्यास अंगठा व तर्जनी जुळवून गोल करतात. नवख्याला शिक्षक सोबत असल्याशिवाय सोडत नाहीत आणि 12 मीटरपेक्षा खोल नेत नाहीत. बुडीनंतर किमान 12 तास, शक्यतो 18 तास, विमानप्रवास टाळावा. जहाजाने परतणाऱ्याला ही चिंता नसते.

पांढरी पडणारी भित्ती

पाण्याचे तापमान नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने वाढून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्यातले शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. उष्णता टिकली, तर तो उपासमारीने मरतो. लक्षद्वीपमध्ये 1998, 2010, 2016 व 2024 साली हे मोठ्या प्रमाणावर घडले.

येथे प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. ही बेटे समुद्रसपाटीपासून काही मीटरच उंच आहेत. लाटांचा मारा झेलते ती भित्ती, आणि बेटावरची वाळूही प्रवाळाच्याच चुऱ्याची. बंगारमजवळचे पराली-1 हे निर्जन बेट झिजून नाहीसे झाल्याचे 2017 साली एका संशोधनातून प्रसिद्ध झाले. भित्ती मरणे म्हणजे तेथील माणसांच्या पायांखालची जमीन जाणे होय.

पाहुण्याने निदान भर तरी घालू नये. प्रवाळावर उभे राहू नये, रबरी पंखांचा फटका लागू देऊ नये, तुकडा आठवण म्हणून उचलू नये. भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 पासून संरक्षण आहे. आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत आणि तेथेही बुडी मारायला पर्यटक येतात; हेच नियम तेथेही लागू आहेत.

सारांश, पहिल्या बुडीचे दोनच पाठ ध्यानात ठेवावेत. श्वास रोखू नये, तो स्वतःच्या जिवासाठी. आणि हात लावू नये, तो दुसऱ्यांच्या जमिनीसाठी.