अंग मागे टाकू नकोस

अगं, तुझा मेसेज वाचला आणि आधी आनंदच झाला. मेअखेरीला लाहौलला जायचं, स्की लावून हिमनदीवर चढायचं आणि बर्फावरून घसरत खाली यायचं, हे आपल्या अकोले तालुक्यातल्या मुलीच्या मनात आलं याचं मला फार कौतुक वाटलं. आईला अजून सांगितलं नाहीस हे मात्र पटलं नाही. त्याचं नंतर बोलू.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत तुझा जीव टांगणीला नको. या मे महिन्यात जाऊ नकोस. पुढच्या मेमध्ये जा, नक्की जा. मधलं वर्ष कशात घालवायचं तेच सांगायला बसले आहे.

आपल्याकडे बर्फ म्हणजे वळवाच्या गारा, त्याही अंगणात दहा मिनिटं टिकतात. म्हणून आपल्याला काहीच येत नाही असं वाटून घेऊ नकोस. कोडगूची भवानी थेक्कडा बघ. कॉफीच्या मळ्यांच्या मुलखातली मुलगी, आणि क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांत पदकं मिळवते. तुझ्या पायांत तर कळसूबाई आहे, रतनगड आहे. तू नळीच्या वाटेनं बेलपाड्याला उतरली आहेस. ती उतराई आठव, कारण स्कीइंगमध्ये सगळी परीक्षा उतरण्याचीच असते.

घसाऱ्यावर नवखी माणसं काय करतात? खाली दरी दिसली की भीतीनं डोंगराकडे रेलतात, अंग मागे टाकतात, आणि त्याच क्षणी पायाखालचा मुरूम सुटतो. आपल्या भागातली गुरं राखणारी पोरं बघ, गुडघे सैल, छाती दरीकडे, वजन बरोबर पावलांवर. बर्फावर तस्संच. स्कीवर मागे रेललीस की पुढची टोकं हलकी होतात, स्की वळत नाही, वेग वाढतो आणि गुडघ्यावर नको तो पीळ पडतो. बायकांमध्ये गुडघ्याचा एसीएल नावाचा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त असतं, हे लक्षात ठेव. मांड्या आणि पार्श्वभाग बळकट कर. कळसूबाई चढल्याचं कौतुक पुरे झालं. आता सॅकमध्ये वजन घालून पायथ्याच्या बारी गावाकडे सावकाश, गुडघे न आपटता उतरायचा सराव कर. शिड्यांवर गर्दी नसेल अशा दिवशी, पहाटे.

आता हिमनदीचं. सह्याद्रीत कातळ जिथे काल होता तिथेच आज असतो. हिमनदी सरकते, तिला भेगा पडतात आणि हिवाळ्याचं बर्फ त्या भेगांवर झाकण घालतं. वरून सपाट पांढरं मैदान दिसतं. सकाळी थंडीत ते झाकण तुझं वजन पेलेल, दुपारी पेलेलच असं नाही. म्हणून हिमनदीवर दोरात बांधून चालतात, दोघींच्या मधला दोर ढिला पडू देत नाहीत, आणि कोणी भेगेत गेलंच तर त्याला वर कसं काढायचं हे प्रत्येकाला आलं पाहिजे. गाईडला येतं, मला कशाला, असं म्हणू नकोस. गाईडच आत गेला तर?

उन्हाळ्यातल्या बर्फाची सगळी गंमत आणि सगळा धोका घड्याळात आहे. रात्री आकाश निरभ्र असलं की दिवसा वितळलेलं बर्फ पुन्हा कडक गोठतं. पहाटे ते इतकं टणक असतं की बुटाखाली क्रॅम्पॉनचे काटे लावूनही खरखर आवाज येतो. मग ऊन येतं आणि वरचा बोटभर थर सैल, दाणेदार होतो. स्कीवाले त्याला कॉर्न म्हणतात. त्यावर स्की अशी गुळगुळीत वळते की पहिल्यांदा वळलीस की तू मोठ्यानं हसशील, मी सांगते. पण ही चैन तास-दोन तासांची. त्यानंतर बर्फाचा चिखल होतो, पाय मांडीपर्यंत रुततो, आणि तीव्र उतारावरचा ओला थर जडपणानं खाली यायला लागतो. म्हणून रात्री दोन-तीनला निघायचं आणि दुपारच्या आत बर्फावरून उतरून तंबूत यायचं.

आणि हे नीट ऐक: रात्र ढगाळ असेल तर बर्फ नीट गोठत नाही. ढगाळ रात्री थंडी पडत नाही हे आपल्या शेतकऱ्याच्या घरात कोणाला सांगावं लागत नाही. तंबूतून हात बाहेर काढून बर्फ दाबून बघ. बोट आत गेलं तर त्या दिवशी झोपून राहायचं. गटातले सगळे निघाले तरी.

पावसाचंही तसंच आपल्या ओळखीचं आहे. घाटघरला धो धो कोसळतो आणि प्रवरेच्या काठानं खाली संगमनेरला जावं तर रान कोरडं. तिकडे रोहतांग ओलांडला की तोच प्रकार, अलीकडे कुलूच्या बाजूला पावसाळा आणि पलीकडे लाहौलला पर्जन्यछाया. पण जुलैत ढग कधीकधी खिंड ओलांडतातच, त्यामुळे पलीकडे पाऊस नसतोच या भरवशावर राहू नकोस.

हिमस्खलनाबद्दल तू काहीच विचारलं नाहीस, त्याची मला काळजी वाटते. 4 ऑक्टोबर 2022 ला द्रौपदी का दांडा-2 या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली. 29 जण गेले. त्यांत सविता कंसवाल होती, त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट चढून आलेली. शिकलेली, कसलेली माणसं होती ती. घाबरवायला सांगत नाही. बर्फाला तुमचा अनुभव दिसत नाही, एवढं तुझ्या मनात पक्कं बसावं म्हणून सांगते. बहुतेक घातक स्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतात, आणि स्की करायला मजाही नेमकी त्याच उतारावर येते. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर गाडलेल्याचा ठाव देणारा ट्रान्सीव्हर, सॅकमध्ये बर्फात खुपसून शोधायची काठी म्हणजे प्रोब आणि फावडं हवंच. गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलं तर जगण्याची आशा मोठी असते, पुढे ती झपाट्यानं घटते. तेवढ्या वेळात हेलिकॉप्टर येत नाही. शेजारचीच येते. तिला फावडं चालवता येतं का, हे आधी बघून घे.

स्नोबोर्ड घेऊ की स्की, असं विचारलं होतंस. पहिल्यांदा स्की. हिमनदीवर लांबलचक सपाट पट्टे असतात, तिथे बोर्डवाला अडकून पडतो. उभा चिरून दोन स्की करता येणारा स्प्लिटबोर्ड मिळतो, पण तो भाड्यानं मिळणं कठीण आणि शिकणं त्याहून वेळखाऊ. बूट भाड्यानं घेताना लाजू नकोस. पातळ एकच मोजा, टाच मागे घट्ट, गुडघा वाकवल्यावर बोटं पुढे टेकायला नकोत. दुकानात अर्धा तास तसेच घालून उभी राहा. चढाईच्या स्कीवर बूट धरणाऱ्या पकडीत टाच सुटी करता येते आणि स्कीखाली केसाळ पट्टी चिकटवतात, तिला स्किन म्हणतात. ती पट्टी नीट वाळवून ठेवली नाही तर दुसऱ्या दिवशी चिकटत नाही, म्हणून रात्री ती झोपायच्या पिशवीत घेऊन झोपायचं.

आता जे कोर्सला कोणी सांगत नाही ते. उघड्यावर, दोरात बांधलेलं असताना लघवीला जायचं म्हणून मुली पाणीच पीत नाहीत. हे करू नकोस. उंचीवर पाणी कमी पडलं की डोकं धरतं, थंडी जास्त बाधते आणि ते दुखणं उंचीचं की तहानेचं हे कळेनासं होतं. थांबा म्हणायचं, तोंड फिरवायला सांगायचं, संपलं. पाळी तिथे मागेपुढे होते, हातात काही नसतं, सामान जास्तीचं ने आणि वापरलेलं सगळं पिशवीत बांधून परत आण. आतले कपडे सुती नकोत, घामानं भिजले की थंडगार पडतात. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या आतल्या कडेलाही लाव, कारण बर्फावरून ऊन खालून वर येतं. चष्मा कडा झाकणारा असावा. एका दुपारी चष्मा काढून फिरलीस तर रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होईल.

आता उंचीचं. 3000 मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. कळसूबाई आपली 1646 मीटर, म्हणजे तुझ्या शरीराला यातलं काहीच माहीत नाही. चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली उतरायचं. सकाळी बघू, असं म्हणणाऱ्याचं ऐकू नकोस.

तू के-टूवरून स्कीनं उतरणाऱ्या आंजेई बार्गिएलचा व्हिडिओ पाठवलास. 22 जुलै 2018 ची ती उतराई मीही श्वास रोखून पाहिली. पण 2017 मध्ये तो तिथेच गेला होता आणि परिस्थिती ठीक नाही म्हणून परत फिरला होता. त्याचा व्हिडिओ कोणी पाठवत नाही. मला त्या परत फिरण्याचा जास्त आदर वाटतो.

तर मधल्या वर्षाचं असं कर. जानेवारी ते मार्चमध्ये मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्थेचा सोलंगमधला स्की कोर्स. त्याच परिसरातल्या बुरुआ गावच्या आंचल ठाकूरनं 2018 मध्ये तुर्कस्तानात भारताला स्कीइंगचं पहिलं आंतरराष्ट्रीय पदक मिळवून दिलं. सोलंगला नाही जमलं तर औली किंवा गुलमर्ग. त्याच्या आधी किंवा नंतर गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स. तिथे आइस अ‍ॅक्सनं घसरण थांबवायला शिकवतात. पाठीवर, पोटावर, डोकं खाली करून पडलीस तरी हात आपोआप कुऱ्हाड रोवायला जाईपर्यंत ते घोटव. मग हिमनदी.

खाजगी गटाला पैसे भरण्यापूर्वी चार गोष्टी विचार: गाईडनं कोर्स कुठे केला, एका गाईडमागे किती जण, ट्रान्सीव्हर प्रत्येकाला देणार का, आणि माणूस जखमी झाला तर रस्त्यापर्यंत कसं आणणार. उत्तर टाळलं तर पैसे भरू नकोस, मग ओळखीचे का असेनात.

आईला रविवारी सांग, मी त्या वेळी फोनवर असेन. बाबांना खर्चाची नाही, तुझ्या परत येण्याची चिंता असेल. त्यांना हा कागद वाचायला दे. कोर्सला डॉक्टरांचा दाखला लागतो, तो अकोल्यातच करून घे, आणि फॉर्म भरायच्या आधी मला पाठव. नागलीच्या लाडवांचं मी बघते.