पत्र्यावरचे पाणी हौदात घेण्यापूर्वी
(ऊस विकास विभाग)



२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. तेव्हापासून शहरात काय नि खेड्यात काय, छपराला पन्हळ लावून पावसाचे पाणी साठवण्याकडे लोकांचा ओढा वाढला आहे. गट ऑफिसात आम्हाला हमखास विचारणा होते, "साहेब, पत्र्यावरचं पाणी प्यायला चालतं का?" पाणी आभाळातून पडते तेव्हा बरेचसे स्वच्छच असते. पुढचे सारे ते ज्या छपरावरून वाहते त्यावर ठरते.

आपला पांढरा पत्रा म्हणजे लोखंडाच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा. पावसाचे पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट झालेले असते. शहरातल्या धुराने ते आणखी आंबट होते आणि जस्त विरघळवते. एकावर एक रचून ठेवलेल्या पत्र्यांवर दमटपणाने पांढरी भुकटी धरते ना, तो जस्ताचाच गंज. उन्हाळाभर असला गंज, धूळ आणि कारखान्याजवळच्या घरांवर आपल्याच धुराड्याची राखही छपरावर साचते. पहिली सर हे सगळे धुऊन खाली आणते, त्यामुळे धातूंचे प्रमाण पहिल्या पाण्यात सर्वांत जास्त असते. पॅरिस शहराची बहुतेक छपरे जस्ताची आहेत. तिथे छपरांवरून उतरणारे जस्त गटारातून नदीला जाते.

आता जस्त म्हटले की सभासद म्हणतील, उसाला तर तुम्हीच हेक्टरी २० किलो झिंक सल्फेट टाकायला सांगता! खरे आहे. उसाला हे पाणी खुशाल द्या. माणसालाही थोडे जस्त लागतेच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जस्ताची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आहे, दुसरे पाणीच नसेल तर १५ पर्यंत. जस्त जास्त झाले की पाणी तुरट लागते, गढूळसर दुधी दिसते, उकळल्यावर वर तेलकट तवंग येतो. मासे मात्र जस्ताला फार नाजूक. शेततळ्यात मत्स्यबीज सोडले असेल तर पत्र्याचे पाणी त्यात वळवू नये.

खरी भीती शिशाची. त्याची मर्यादा लिटरला फक्त ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे जस्ताच्या पाचशेवा भाग. शिसे चवीला कळत नाही, वासाला कळत नाही, आणि लहान लेकरांच्या मेंदूवर परिणाम करते. ते येते कुठून? जुन्या खिळ्यांखालच्या शिशाच्या वायसरमधून, सांधे बुजवायला ठोकलेल्या शिशाच्या पट्टीतून आणि जुन्या रंगातून. शेंदरी दिसणारा रेड लेड प्रायमर म्हणजे शिसेच. रेड ऑक्साइड वेगळा, त्यात मुख्यतः लोखंडाचा ऑक्साइड. पण त्यातही झिंक क्रोमेट घातलेला माल मिळतो, तोही पिण्याच्या पाण्याच्या छपराला नको. घरगुती रंगात शिसे दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीचा रंग पोपडे धरून सुटत असेल, तर त्या छपराचे पाणी पिण्यासाठी घेऊच नका. वापरायला घ्या, जनावरांनाही पाजू नका.

पाणी उकळून जंतू मरतात, धातू जात नाही. उलट पाणी आटते तसा तो घट्ट होतो. म्हणून पहिले पाणी सोडून देणे हाच स्वस्त उपाय. हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. ५०० चौरस फूट म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. त्यावरचे पहिले दोन मिलिमीटर म्हणजे ९० लिटरच्या वर पाणी. पन्हळीच्या नळाला आधी २०० लिटरचा प्लॅस्टिकचा बॅरल जोडावा, तो भरला की पुढचे पाणी हौदात जाईल असा फाटा काढावा. बॅरलच्या तळाला तोटी ठेवून पाऊस उघडल्यावर तो रिकामा करावा, नाहीतर पुढच्या सरीला उपयोग शून्य. आणि बॅरल तणनाशकाचा किंवा फवारणीच्या औषधाचा नसावा! हे लिहावे लागते, कारण असे बॅरल आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत.

नवे पत्रे बसवताना रबरी वायसर घ्यावेत. पाणी तपासायला देताना धातूंची तपासणी वेगळी मागावी, नेहमीच्या तपासणीत क्षार आणि जंतूच पाहिले जातात. जस्त आणि शिसे अशी दोन्ही नावे अर्जावर लिहावीत व नमुन्याची बाटली प्रयोगशाळेतूनच घ्यावी.