परसातील कोंबड्यांचे रक्षण आणि कुटुंबाची सुरक्षितता

परसातील कोंबड्या म्हणजे अनेक कुटुंबांना अंड्यांचा आधार आणि अडीअडचणीला उपयोगी पडणारी पुंजी. 2019च्या विसाव्या पशुगणनेत देशभरात परसात पाळलेल्या पक्ष्यांची संख्या सुमारे 31.7 कोटी नोंदली गेली. 2012च्या तुलनेत ती सुमारे 46 टक्क्यांनी अधिक होती. एका रात्रीत पाच-सहा कोंबड्या गेल्या, तर गरीब कुटुंबाचे नुकसान लहान नसते. परंतु आरोग्याच्या दृष्टीने त्याहून गंभीर धोका पुढे असतो. अंधारात अनवाणी धावणे, खुराड्यात उघडा हात घालणे, संतापाच्या भरात विष ठेवणे किंवा कुंपणात वीज सोडणे, यांमुळे माणसांच्याच जिवावर बेतते. म्हणून प्राण्याला मारण्याऐवजी खुराडे पक्के करण्यावर भर द्यावा.

कोणता प्राणी केव्हा येतो

घार, कावळा, मुंगूस आणि धामण हे दिवसा वावरणारे आहेत. रानमांजर, उदमांजर आणि कोल्हा बहुधा रात्री येतात. भटकी कुत्री केव्हाही येऊ शकतात. दिवसाढवळ्या पिल्लू नाहीसे झाल्यास घार, कावळा किंवा मुंगूस यांचा संभव अधिक असतो. अंडी कवचासह नाहीशी झाल्यास साप किंवा घोरपड आली असावी. अनेक कोंबड्या मारून तेथेच टाकलेल्या आढळल्यास कुत्र्याचा किंवा मुंगुसाचा संशय घ्यावा. केवळ रात्रीचा पहारा म्हणूनच पुरेसा ठरत नाही.

खुराडे कसे असावे

1. खुराडे खांबांवर, जमिनीपासून दोन ते तीन फूट उंच असावे.
2. षट्कोनी छिद्रांची पातळ कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, परंतु कुत्र्याला थोपवत नाही. अर्ध्या इंचाच्या छिद्रांची, जोडकाम केलेली मजबूत तारेची जाळी वापरावी.
3. खुराडे जमिनीवरच असेल, तर जाळी एक फूट खोल पुरून तिची खालची कड बाहेरच्या बाजूस वळवावी. उकरणाऱ्या प्राण्याला त्यामुळे अडथळा होतो.
4. दाराला केवळ दोरी न बांधता घट्ट कडी बसवावी.
5. दिवसा पिल्ले डालग्याखाली किंवा वरून जाळी असलेल्या जागेत ठेवावीत.

दाणे, उंदीर आणि साप

सांडलेल्या दाण्यांमुळे उंदीर व घुशी येतात आणि त्यांच्यामागे साप येतो. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचाही प्रसार होतो. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी सुमारे 58,000 मृत्यू झाल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे. मण्यार रात्री फिरते. तिच्या दंशाच्या जागी वेदना व सूज बहुधा फारशी नसते, त्यामुळे झोपेतील दंश ध्यानात येत नाही. म्हणून दाणे झाकणाच्या डब्यात ठेवावेत, खुराड्यालगत लाकडांचा किंवा विटांचा ढीग करू नये आणि कोंबड्या झोपण्याच्या खोलीत ठेवू नयेत. जमिनीवर झोपणे टाळून मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचाव्यात. अंडी काढण्यापूर्वी विजेरीच्या उजेडात आत पाहावे.

विष, वीज आणि सापळे टाळा

विषाचे आमिष लहान मुले, पाळीव जनावरे आणि स्वतःच्या कोंबड्या यांच्याही तोंडी जाऊ शकते. झिंक फॉस्फाइड या उंदीरनाशकाच्या विषबाधेवर विशिष्ट उतारा नाही. कुंपणात घरगुती वीज सोडल्यास शेजाऱ्याचा किंवा घरातील मुलाचा प्राण जाऊ शकतो आणि तो गुन्हाही ठरतो. मुंगूस, घोरपड, कोल्हा, रानमांजर यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये संरक्षण आहे. त्यांना मारू किंवा पकडू नये. उपद्रव थांबत नसल्यास वन विभागास कळवावे.

चावा किंवा दंश झाल्यास

कुत्रा, मांजर, मुंगूस, कोल्हा यांपैकी कोणीही चावल्यास किंवा ओरखडल्यास जखम वाहत्या पाण्याने व साबणाने 15 मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद किंवा तेल लावू नये. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजप्रतिबंधक लस सुरू करावी आणि सांगितलेल्या तारखांना सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. ओरखडा लहान आहे म्हणून वाट पाहू नये.

सर्पदंश झाल्यास रुग्णास धीर द्यावा, चालू देऊ नये आणि दंश झालेला अवयव हलू देऊ नये. अंगठ्या, बांगड्या काढाव्यात. घट्ट बांधणे, चिरा देणे, विष चोखणे हे प्रकार करू नयेत. साप शोधण्यात वेळ घालवू नये. 112 या क्रमांकावर मदत मागावी किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात जावे.

मेलेल्या कोंबड्या

प्राण्याने अर्धवट खाल्लेली कोंबडी शिजवून खाऊ नये. हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला लावून ती उचलावी, चुना टाकून खोल खड्ड्यात पुरावी आणि हात साबणाने धुवावेत. अंगावर जखम नसताना अनेक पक्षी एकाएकी मेल्यास त्यांना स्पर्श करू नये; लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. 2006 मध्ये महाराष्ट्रातील नवापूर येथे देशातील पाळीव पक्ष्यांमध्ये बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक आढळला होता. अशा पक्ष्यांच्या संपर्कानंतर ताप, खोकला किंवा श्वासाचा त्रास झाल्यास डॉक्टरांना संपर्काची माहिती अवश्य द्यावी.

रोज सायंकाळची चार कामे

सूर्यास्तापूर्वी कोंबड्या मोजून आत घ्याव्यात. अंडी उचलावीत. सांडलेले दाणे झाडून काढावेत. कडी लावून ती ओढून पाहावी. रात्री कोंबड्या ओरडल्याच, तर पायांत बूट आणि हातात विजेरी व काठी घेतल्याशिवाय बाहेर पडू नये.